लुर्देसचा हात

लिस्बनच्या चढत्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवताना अमादेउ पुढे बोलत चालायचा आणि त्याची बायको लुर्देस सगळ्यांच्या मागे. मंडळी गोळा झाली की ती हात वर करायची, मगच तो पुढे निघायचा. ती गेल्यावर आज तो पहिल्यांदाच एकटा कामावर आला होता. एकट्याला जमलं नाही तर काम सुटणार होतं.

किल्ल्याखालच्या वळणावर त्याने सवयीने मागे पाहिलं. हात वर होता. तो निघाला.

"अहो, लक्ष कुठंय?" एक पाहुणा खेकसला. "आपल्यातली मागची म्हातारी पडलीय! थांबा म्हणून हात करत होती!"

म्हातारीचा पाय मोडला होता. तिला दवाखान्यात नेल्यावर तोच पाहुणा म्हणाला, "चला, आता किल्ला दाखवा."

"मागे कोण चालेल?" अमादेउने विचारलं.

त्याने सगळ्यांना परत पाठवलं.