रोजच्यासारखं उभ्या राहा

कर्वेनगरच्या फ्लॅटचं नूतनीकरण निघालं तेव्हा मुक्ताईंनी एकच गोष्ट मागितली: ओटा माझ्या उंचीचा करा. उंची म्हणजे चार फूट नऊ इंच. बिल्डरने मूळचा ओटा कुठल्या धिप्पाड बाईला डोळ्यांसमोर ठेवून घातला होता कोण जाणे. तेहेतीस वर्षं मुक्ताई त्याच्यापुढे सागवानी पाट टाकून, त्यावर उभं राहून स्वयंपाक करत होत्या. फोडणीला चढायचं, फ्रिजकडे जायला उतरायचं, परत चढायचं. एवढ्या चढउतारात सिंहगड शेकडो वेळा झाला असता, आणि वर गेल्यावर निदान आयतं पिठलं तरी मिळालं असतं.

यजमान श्रीनिवासराव खडकीच्या कारखान्यातून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर मापं तपासल्यामुळे त्यांची दोनच मतं उरली होती, पास आणि नापास. आमटी पास. जावई पहिली सहा वर्षं नापास.

आर्किटेक्ट तनया हुशार मुलगी, पण तिचं मराठी क्रियापदांपुरतं उरलं होतं.

"काकू, ही वॉल काढली की स्पेस ब्रीद करेल."

"करू दे. पण बोंबील तळले की हॉलमधले पाहुणे काय ब्रीद करतील, तेही बघून ठेव."

माप घ्यायला ती आली तेव्हा मुक्ताई पोहे परतत होत्या. तनयाने लेझरचं यंत्र काढलं. "काकू, हलू नका. पोज नको, एकदम रोजच्यासारखं उभ्या राहा."

मुक्ताई रोजच्यासारख्या उभ्या राहिल्या. म्हणजे पाटावर. साडीच्या घोळात पाट झाकला गेला होता. यंत्राने जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजलं, तनयाने ते टॅबलेटमध्ये टाकलं आणि म्हणाली, "परफेक्ट! हा ओटा फक्त तुमचा असणार." पाट शेजारी उभ्या असलेल्या श्रीनिवासरावांच्या लक्षात आला नाही, आणि खरं सांगायचं तर मुक्ताईंच्याही नाही. तो त्यांना आपल्याच पायांचा भाग वाटू लागला होता. जुना ओटा कोणी मोजलाच नाही, कारण तो फोडायचाच होता.

काम सुरू झालं तेव्हा मुक्ताईंनी पाट हौसेने, स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवला. वर त्याला चहाही पाजला.

दोन महिन्यांनी त्या नव्या ओट्यासमोर अनवाणी उभ्या राहिल्या. काळाभोर ग्रॅनाइट, खाली न आपटणारे ड्रॉवर, आणि ओटा पार वर आलेला. जुना होता तिथेच.

ग्रॅनाइट बसवणारे रियाज मिस्त्री त्यांच्या पावलांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, माप घेतलं तेव्हा पायाखाली काही होतं का?"

तनयाचा चेहरा उतरला. "पण मी सांगितलं होतं ना, रोजच्यासारखं..."

"अगं, रोज मी तिथेच असते."

श्रीनिवासरावांनी टेप लावली. "चौतीस इंच. ड्रॉइंगमध्ये चौतीस. सुताचाही फरक नाही. पास!" मग समजूत घातल्याच्या सुरात म्हणाले, "नवा पाट आणू. इतकी वर्षं चाललंच होतं की."

ते 'चाललंच होतं' मुक्ताईंना झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. हे आपल्याला दगडासाठी वाटतंय याची लाजही वाटली, आणि मग लाजेचा राग आला. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. ओटा बरोबर त्यांच्या कोपराखाली येत होता.

"अहो, हा तुमच्या मापाचा झालाय," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या हातात डाव दिला. "आजपासून तुम्हीच."

श्रीनिवासराव नऊ दिवस टिकले. पहिल्या दिवशीचं वरण त्यांनी स्वतःच नापास केलं. चौथ्या दिवशी भात कुकरच्या भिंती धरून बसला. मुक्ताई समोर खुर्ची टाकून पेपर वाचत आणि चवीबद्दल विचारलं तर "ड्रॉइंगप्रमाणे आहे," एवढंच म्हणत. मधली भिंत काढल्यामुळे हॉलमधून सगळं छान दिसे.

दहाव्या दिवशी श्रीनिवासरावांनी ड्रॉइंगवर लाल पेनाने 'नापास' लिहिलं आणि तनयाला, रियाजना बोलावलं. माप मात्र त्यांनी स्वतः घेतलं. गुडघे धरत खाली बसले, मुक्ताईंची साडी जरा वर सरकवली आणि तळव्याखाली बोट घालून पाहिलं. टाचांना भेगा होत्या. त्या त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या.

"काही नाही ना पायाखाली?"

"जमीन आहे," मुक्ताई म्हणाल्या.

रियाजनी ग्रॅनाइट उचलून खालचे आधार तीन इंच कापले, एक ड्रॉवर गेला. एकतीस इंचांच्या ओट्यावर मुक्ताईंनी पहिला चहा केला. श्रीनिवासराव कप विसळायला गेले आणि कंबरेवर हात ठेवून कण्हले.

"अगं, इथे फार वाकावं लागतं."

"वाका," त्या म्हणाल्या. "मी तेहेतीस वर्षं चढत होते, दिसलं होतं का कधी?"

श्रीनिवासरावांनी वाकून कप विसळला. मग मुक्ताईंचाही.