डावखुरी शिकवणी

नवऱ्याचा उजवा हात अर्धांगाने लुळा पडला आणि गल्लीतलं न्हाव्याचं दुकान बंद झालं. गिऱ्हाइकं तरी केस वाढवून किती दिवस वाट बघणार? पुढच्या चौकातल्या चकचकीत दुकानात जायला लागली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राही. कुणी दुकानाचं नाव काढलं, की "विकून टाका" म्हणून खेकसे. बायकोने मात्र मनाशी पक्कं केलं होतं, दुकान विकायचं नाही. कुणीतरी कात्री धरायचीच ना, मग मी धरते.

त्याच्याकडूनच शिकावं, तर स्वारी तोंड उघडेना. मग तिने मोबाइलवर केस कापायचा वर्ग लावला. मास्तर व्हिडिओत कापून दाखवी, मग प्रश्न विचारी, आणि उत्तर बरोबर आलं की पडद्यावर सोनेरी चांदणी चमके. बाई त्या चांदण्यांच्या मागे अशी लागली की विचारू नका! दूध उतू गेलं, पण चांदणी सोडली नाही. केस लावलेल्या प्लास्टिकच्या डोक्यावर ती मास्तराची हुबेहूब नक्कल करी. सुरुवातीला कात्री केस कापण्याऐवजी चावायची, बोटं सुजायची. पण हटेल ती कसली? झगडून झगडून तिने हाताला वळण लावलंच.

सगळ्या चांदण्या पदरात पडल्यावर तिने धाकट्या दिराला दुकानात बोलावून खुर्चीत बसवलं. बिचाऱ्याने बळीच्या बकऱ्यासारखी मान पुढे केली. लेक बापाला धरून घेऊन आली. बायकोने कात्री उचलली आणि नवरा कितीतरी दिवसांनी आपणहून बोलला.

"डाव्या हाताने का धरलीस? तू डावखुरी कधी झालीस?"

मास्तरच डाव्याने कापतो, असं तिने ठणकावून सांगितलं. लेक शिक्षिका व्हायचं शिकत होती. तिने मोबाइल बघितला आणि कपाळाला हात लावला. मास्तराने स्वतःचं चित्रण आरशासारखं उलटं केलं होतं. त्याच्या कोटावरची अक्षरंसुद्धा उलटी होती. आईला वाटलं होतं, परदेशी असतील. दीर पोट धरून हसला. ती मात्र मटकन खाली बसली. एवढी मेहनत चुकीच्या हातावर पाण्यात गेली, असं तिला वाटलं.

लेक तिच्याशेजारी टेकली. बक्षीस मिळत गेलं की माणूस तेच पक्कं करतो, मग ते उलटं का असेना, असं त्यांच्या कॉलेजात शिकवतात, म्हणाली. चांदणी देणाऱ्याला आईचा हात दिसतच नव्हता.

आईचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ती नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो धडधाकट हात गुडघ्यावर नुसता पडून होता. ती उठली आणि तिने त्या हातात कात्री कोंबली.

त्याने प्लास्टिकच्या डोक्यावर एकदा चालवली. कात्रीने केस चावले. त्याने ती भिरकावली. तिने उचलून परत दिली. पुन्हा भिरकावली, पुन्हा दिली.

"अहो, अंगठा बाहेर रेटू नका. तळहाताकडे ओढा. उजव्याची सवय आहे, म्हणून रेटला जातो. माझाही रेटला जायचा."

साऱ्या गल्लीची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने अंगठा ओढला. केसांची बट स्वच्छ कापून खाली पडली.

मग रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. उजव्यात कंगवा राहीना, म्हणून कंगवा ती धरी आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटाला आधार देई. लेक मोबाइलवर त्याचाच हात टिपून त्याला दाखवी, म्हणजे मनगट कुठे ढळतं ते त्याचं त्याला कळे. तो चिडे, शिव्या घाली, आणि जेवण झालं की आधी दुकानात जाऊन बसे.

शेवटी दीर पुन्हा खुर्चीत बसला, या खेपेला न हसता. लेकीने हळूच आठवण करून दिली की आता आधार काढून घ्यायला हवा, नाहीतर शिकणारा कायम टेकूवरच राहतो. आईचा धीर होईना. हात घसरला, दिराचा कान कापला, तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील, ही तिला भीती होती.

"मनगट सोड," नवरा म्हणाला.

तिने सोडलं.

"कंगवा नको सोडूस."

कात्री कानामागून सावकाश, सरळ गेली. तिला रडू कोसळलं, पण तिने कंगवा हलू दिला नाही.