दोन पाकळ्यांची पदवी

सत्यवती रत्नागिरीहून इंटर सायन्स होऊन मिठबावला परतली, तेव्हा घरात एकच प्रश्न होता: हिला पुढे शिकायला मुंबईला धाडायचं, की कणकवलीचं स्थळ आलंय तिथे उजवून टाकायचं? साल बासष्ट. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी वडिलांना भात वाढताना ती सहज म्हणाली, "बाबा, बी.एस्सी.क रसायन घेव काय भूगर्भ?"

तुकारामांचा घास हातातच राहिला. "रसायन! औषधाच्या कारखान्यात लागशीत."

त्यांचा धाकटा भाऊ परशुराम रेडीच्या खाणीवर कारकून होता. तो उसळला. "औषधा कित्या, दादा? आमच्या खाणीर नुसतो दगड बघून मान हलवता, तो सायब मोटारीतसून फिरता. भूगर्भच व्हया!"

"माजा चेडू दगड फोडीत बसतला?"

"आणि तुज्या कारखान्यात काय, काढे उकळीत?"

आठ दिवस हेच. कलमांखाली हेच, विहिरीवर हेच. भांडण मंदावलंसं वाटलं की सत्यवती येऊन कुणा एकाची बाजू घ्यायची. कणकवलीच्या स्थळाचं पत्र फळीवर तसंच पडून. तिची आई पद्मावती जात्यावर बसून हलक्या गळ्याने गायची:

जात्याच्या रे दगडा, तुजा गुपित ऱ्हवाचा नाय,
शिकान येतली लेक माजी, तुज्या पोटात आसा काय!

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. लवू गुरवाने ग्रामदेवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. पडेल ती देवाची मर्जी.

"काय इचारू?"

"रसायन काय भूगर्भ!" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

लवूने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, ह्या तुज्या लेकराक मुंबैक शिकूक धाडतत. औषधा शिकवची आसतीत तर उजवी दी, दगड शिकवचे आसतीत तर डावी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले.

आषाढातली दमट हवा. पाकळ्या हलेनात. पाणी सुकल्याशिवाय देवही काही बोलायचा नाही, हे सत्यवतीला कळत होतं; तिने आईकडे पाहिलं.

"काय उकाडो गो," म्हणत पद्मावतीने देवळाचं समुद्राकडचं दार ढकललं. वारा आत आला आणि दोन्ही पाकळ्या एकदमच गळल्या.

लवू डोकं खाजवीत म्हणाला, "दोन्ही दिल्यान. पण दोन्ही शिकूक येतत काय?"

"येतत," सत्यवती म्हणाली. "एकाच पदवीत, जोडून."

आपणच जिंकलो, असं समजून दोघे भाऊ पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर तुकाराम थबकले. "अरे, पण चेडवाक धाडूचा काय नाय, ह्या इचारूचा ऱ्हवलाच!"

"इचारूचा खंय ऱ्हवला?" लवू वरून म्हणाला. "धाडतत म्हणान गाऱ्हाणा घातलंय मी. आणि सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' तूच म्हटलंस!"

घरी आल्यावर सत्यवतीने अर्ज सहीसाठी पुढे केला. विषयांच्या रकान्यात लिहिलेलं होतं: रसायन व भूगर्भ.

तुकारामांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "ही शाई कधीची गो? पार वाळली."

"आताच लिवलंय, बाबा."

"आषाढात?"

दोरीवर चार दिवसांपूर्वीचं धोतर अजून ओलंच लोंबत होतं. तुकारामांनी त्याच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग सही केली, आणि ती वाळावी म्हणून बराच वेळ फुंकर घालीत बसले.