बाण राहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. जाड कागदाची, तळहाताएवढी. ‘कँडी’ या इंग्रजी शब्दाचं कूळ माझ्यावर लिहिलेलं आहे. कोशकार आजोबांनी मला स्वतः कापलं, रेघा आखल्या आणि कपाटाच्या तिसऱ्या खणात ठेवलं.

त्यांचा हट्ट भारी! दुसऱ्याच्या कोशातून ओळ उचलायची नाही. जुनं पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, मगच लिहायचं. त्यामुळे माझ्यावर आधी इंग्रजी, मग फ्रेंच आणि त्यामागे नुसतं प्रश्नचिन्ह. ते मी अकरा वर्षं कपाळावर मिरवलं. शेजारच्या चिठ्ठ्या नाकं मुरडायच्या.

एके दुपारी आजोबा धापा टाकत आले. घरात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मलाच म्हणाले, “सापडलं गं बये, तुझं माहेर सापडलं!” पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती. मला उलटून त्यांनी मागे लिहिलं: अरबी कंदी, फारसी कंद, संस्कृत खंड. त्यांचे डोळे भरून आले होते.

मागे मजकूर असला की पुढच्या कोपऱ्यात बाण काढायचा, हा त्यांचाच नियम. आनंदाच्या भरात तेवढा बाण काढायचा राहिला.

पुढे त्यांची दृष्टी गेली. छापखान्याचा माणूस चिठ्ठ्यांचे फोटो काढायला आला. बाण असेल तीच चिठ्ठी तो उलटायचा. त्याच्या नावाने बोटं तरी कशी मोडू?

कोश छापून आला. त्यांची मुलगी त्यांना वाचून दाखवू लागली, “कँडी. फ्रेंचमधून. त्यापूर्वीचं मूळ अज्ञात.”

“अगं, नीट वाच!”

“एवढंच आहे, बाबा.”

“चिठ्ठी काढ. कोपऱ्यात बाण आहे का बघ.”

तिने मला शोधलं, उजेडात धरलं. “नाही हो.”

आजोबा म्हणाले, “बाण विसरणारा मी नव्हे. म्हणजे मला भासच झाला असेल. काय काय भास झाले, कुणास ठाऊक! दे टाकून सगळं.”

तिचं बोट माझ्या पाठीवर, नेमकं ‘संस्कृत’वर टेकलेलं होतं. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

त्यानंतर त्यांनी शब्दांचं नाव काढलं नाही. गेल्या आठवड्यात ते गेले.

मित्रांनो, कुणाचे कष्ट टाकून देण्याआधी एकदा उलटून बघत जा. माझं आता काही व्हायचं नाही. मुलीने कपाट रिकामं केलं, तेव्हा रद्दीच्या पोत्यात पडताना मी पालथी पडले. आजोबांचं मागचं अक्षर वर आलं, आणि पोत्याचं तोंड शिवून झालं.