ह्यांचे हात

दोन हजार सातच्या सुमारास आमच्या गाडीचं स्टिअरिंग वळणावर अचानक जड व्हायचं. मुलगा हेमंत म्हणाला, "बाबा, तुमचे हात थकले. किल्ली आता माझ्याकडे द्या."

ह्यांनी किल्ली खिशात टाकली. आम्ही तिघं इंदिरानगरच्या गॅरेजात गेलो. पोपट मेकॅनिकने गाडीला कॉम्प्युटर जोडला. हे स्टिअरिंग धरून बसले होते. स्टिअरिंग किती वळलंय, तो आकडा पडद्यावर सारखा बदलत होता.

"काका, हात सोडा."

ह्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. स्टिअरिंग जागच्या जागी, तरी आकडा बदलतच राहिला.

"सेन्सर गेलाय, म्हणून स्टिअरिंग जड होतंय. तुमचे हात ठणठणीत आहेत."

सेन्सर बदलून झाल्यावर हे स्टिअरिंगवर बसले आणि हेमंत शेजारचं पुढचं दार उघडू लागला.

"मागे बस," हे म्हणाले. "पुढे तुझी आई बसते."