हालोंग म्हणजे काय

दोन वर्षांपूर्वी मनिलाहून मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. पत्र अनालिन बुस्तिलो नावाच्या बाईंचं होतं. त्या टीव्हीसाठी मालिका लिहितात. आमच्या रोहास शहरात एक साप्ताहिक निघतं, त्यात मी 'घरच्या खुर्चीतून' नावाचं सदर लिहितो. भयपट आणि विज्ञानमालिका पाहायच्या आणि काय वाटलं ते लिहायचं, एवढंच. ते सदर बाईंच्या वाचनात आलं होतं, आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. त्यांची आजी मूळची आमच्या कापिस प्रांतातली. रोज रात्री नातीच्या खोलीचं दार ओढून घेताना ती 'हालोंग' असं पुटपुटायची. आता आजी नाही, आणि आईला आमची भाषा येत नाही. तर हा शब्द म्हणजे काय? मंत्र आहे का एखादा?

मी हायस्कूलमधला निवृत्त ग्रंथपाल. मला वाटलं, भाषेच्या कुणा प्राध्यापकाने सांगावं हे. आपण काहीतरी चुकीचं लिहू आणि ते मनिलात छापून येईल. दोनतीनदा कागद घेऊन बसलो आणि उठलो. मग राहून गेलं.

मला भयपट मनापासून आवडतात, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचा राग कुणा सोवळ्या म्हाताऱ्याचा वाटेल. माझी मतं साधी आहेत. भूत पहिल्या दहा मिनिटांत दाखवलं की मी उठून भात टाकायला जातो. दार करकरलं की मला हसू येतं, कारण आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजून जातात, दारं करकरत नाहीत, निखळतात. विज्ञानमालिकांतली माणसं गोळ्या खाऊन जगतात, हे मला कधीच पटलेलं नाही. हजार वर्षांनीसुद्धा कुणीतरी सुकी मासळी तळणारच आणि अख्ख्या यानात तिचा वास सुटणारच.

आस्वांगबद्दलही माझी तक्रार नव्हती. रात्री माणसाचं मांस खाणारी ही बाई आमच्याच प्रांतात राहते, असं सगळा देश मानतो. कापिसचा माणूस मनिलात गेला की पहिला प्रश्न ठरलेला: तुझ्या घरात कोण आहे? आम्हीही हसून घेतो. पाहुण्यांना घाबरवायला आम्हीच नाही का त्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत?

म्हणून नवी मालिका सुरू झाली तेव्हा मी आवडीने बसलो. शेजारची मानांग, म्हणजे थोरली ताई, सालुदही आली. तिने ऐंशी ओलांडली आहे, त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तिच्या लेखी मी तोतो, म्हणजे धाकटा पोरगा. एकटीने पाहायची भीती वाटते म्हणून ती माझ्याकडे येते, आणि आली की तोंड मिटत नाही.

मालिकेत माणसं चंद्राभोवती फिरणाऱ्या यानात राहत होती, आणि त्या यानात एक आस्वांग शिरली होती. तिचं कमरेवरचं धड सुटून निघतं आणि वजनच नसलेल्या जागेत तिला उडायला पंखही लागत नाहीत. ही कल्पना मला इतकी आवडली की मी सदरात तिची स्तुती केली.

"खालचं धड कुठे ठेवते गं ही?" सालुद म्हणाली. "त्याच्यावर कुणी मीठ टाकलं तर? मग परत जुळायचं नाही ते."

"यानात मीठ नसतं, नांग. गोळ्या खातात."

"मीठ नाही? मग आस्वांग शिरणारच. चुकी त्यांचीच."

चौथ्या भागात ती बाई एका झोपलेल्या मुलावर वाकली. बाकी सगळे मनिलाची टागालोग भाषा बोलत होते. ही एकटी आमच्या भाषेत बोलली, आमच्या त्याच गात गात बोलायच्या चालीत. मुलाच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "हालोंग." मग तिची जीभ लांब झाली.

सालुदने शेंगदाण्यांची वाटी खाली ठेवली. "काय म्हणाली ती?"

"हालोंग."

"पोराला?"

"हो."

"आणि मग खाल्लं त्याला?"

"खाल्लं."

"मेलीला लाज नाही," सालुद म्हणाली, आणि तो भाग संपेपर्यंत पहिल्यांदाच गप्प बसली.

शेवटी नावं आली. लेखन: अनालिन बुस्तिलो. मी टीव्ही बंद केला. या बाईने विचारलं, उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या कुणाला विचारावं की नाही? आमच्याकडच्या कुठल्याही रिक्षावाल्याने सांगितलं असतं. नाही. मंत्र आहे का, असं विचारलं आणि मंत्र आहे असं स्वतःच ठरवून टाकलं. ज्या आजीने रोज रात्री दार लावलं, तिचा शब्द नेऊन राक्षसिणीच्या तोंडात घातला. त्या आठवड्याचं सदर मी लिहिलं आणि फाडलं. त्यात शिव्यांखेरीज काही नव्हतं, आणि शिव्या मला नीट येतही नाहीत.

राग तिथेच विरलाही असता. पण रविवारी माझ्या मुलीचा, जोव्हलिनचा, मनिलाहून फोन आला. ती तिथे बालवाडीत शिकवते.

"तातय, एक गंमत झाली," ती म्हणाली. तिच्या आवाजात गंमत नव्हती.

शाळा सुटताना ती प्रत्येक मुलाला दप्तर अडकवून देते आणि हालोंग म्हणते. वर्ष झालं, मुलांनाही सवय झालेली. आता मालिका पाहिलेला एक मुलगा किंचाळत सुटला. त्याचं पाहून दुसरी दोघं रडली. पालक आले. एक बाई म्हणाली, कापिसची शिक्षिका आहे हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? मुख्याध्यापिकेने ठरवलं की येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पालकसभा आहे, तिथे जोव्हलिनने माफी मागायची आणि पुन्हा वर्गात ती भाषा बोलायची नाही. नाहीतर दुसरी नोकरी शोधायची.

"माफी कशाची?" मी विचारलं.

"मुलांना घाबरवल्याची."

"तू घाबरवलंस?"

"तातय, ओरडू नका. मागून टाकते. एक वाक्य तर आहे."

"आणि मुलं घरी जाताना काय म्हणणार?"

"काही नाही. टाटा करीन. बरं, ठेवते. काळजी घ्या."

काळजी घ्या, हे ती टागालोगमध्ये म्हणाली. घर सोडल्यापासून दर रविवारी ती फोन ठेवताना हालोंगच म्हणत आली होती. तिने मुद्दाम केलं नसेल. तो शब्द तोंडात येता येता तिने गिळला, एवढंच. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच भांडी आपटली.

सालुद आवाज ऐकून आली. मी सगळं सांगितलं.

"मग लिही त्या बाईला."

"मी काय लिहू? मी कोण? तिची मालिका लाखो लोक बघतात. माझं सदर मुद्रक आणि तू वाचता."

"मी नाही वाचत. मला अक्षर दिसत नाही." ती खुर्चीत बसली. "जन्मभर लोकांच्या पुस्तकांवर शिक्के मारलेस, आता एका पाकिटावर तिकीट मारायला घाम फुटतो?"

"तिला राग आला आणि तिने शाळेचं नाव काढून आणखी तमाशा केला तर? जोव्हलिनचीच नोकरी जाईल."

सालुद उठली आणि माझ्या पाठीमागून जाताना तिने माझ्या खांद्यावर हळूच टिचकी मारली. विचार न करता मी वळून तिच्या दंडावर टिचकी मारली. आस्वांगने असा हात लावला तर लगेच परत लावायचा, नाहीतर तिची बाधा होते. आमच्याकडे पोरंसोरंही हे करतात.

"एवढी पुस्तकं वाचून," सालुद म्हणाली, "हात कसा पटकन उठला बघ. उत्तर द्यायला नाही उठत."

मला तिचाही राग आला. पण ती गेल्यावर मी कागद घेतला. पहिल्या मसुद्यात इतक्या वेळा क्षमा मागितली होती की तो मीच चुरगळला. दुसऱ्यात शब्दाची व्युत्पत्ती होती, तोही. तिसऱ्यात मी असं लिहिलं:

'बाई, आमच्या भुतांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती घ्या, हवी तितकी घ्या, चंद्रावर न्या. तुम्ही त्यांच्याबरोबर जे उचललंत ते भुताचं नव्हतं. हालोंग म्हणजे सांभाळून जा, जपून राहा. होडी पाण्यात लोटताना किनाऱ्यावरची बाई म्हणते. मनिलाच्या बोटीवर चढणाऱ्या पोराला आई म्हणते. शवपेटी बंद करतानाही म्हणतात. जो मागे राहतो तो म्हणतो आणि जो जातो तो ऐकतो. झोपेत माणूस दूर जातो, म्हणून तुमची आजी दाराशी थांबून ते म्हणत होती. खाणाऱ्या आस्वांगला हा शब्द उच्चारताच येत नाही, कारण ती मागे राहत नाही, पाठलाग करते. एवढं साधं तुमच्या लक्षात आलं नाही, याचा मला फार राग आला आहे. तुमच्या चुकीपायी माझ्या मुलीला चाळीस पालकांसमोर माफी मागायला लावत आहेत. तुमची मालिका अजून चालू आहे. यानात माणसंही आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी हा शब्द म्हणायला लावा, आणि त्याचा अर्थ तुमच्या नावानिशी कुठेतरी छापा.'

मुलीचा उल्लेख होता म्हणून तिला न विचारता पाठवणं बरं वाटेना. मी फोन लावला आणि वाचून दाखवलं. वाचताना दोनदा अडखळलो.

"तातय, हे तुम्ही लिहिलंत?"

"फार कडक झालंय का?"

"झालंय. माझं नाव घाला. 'माझी मुलगी' नको, नाव. शाळेचं मात्र नको."

"आणि शुक्रवारची सभा?"

"मधला तुकडा मला पाठवा. होडी आणि बोटीचा. तोच वाचीन तिथे. माफीबिफी काही नाही."

"नोकरी?"

"गेली तर येईन घरी. सालुद आजीबरोबर मालिका बघीन." ती हसली. माझा आवाज कापरा असणार, कारण तिने मला पाणी प्यायला सांगितलं.

मी नाव घातलं: जोव्हलिन. स्वच्छ प्रत केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं, रागात येतं तसं. सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीने पाकीट उलटंपालटं केलं.

"आजोबा, हल्ली पत्रं कोण लिहितं? फोनवर पाठवा ना."

"त्यांनी पत्र लिहिलं होतं. उत्तर पत्रानेच जाईल."

"पत्ता जुना दिसतोय. बाई तिथे राहत नसल्या तर परत येईल."

"परत आलं तर मालिकेच्या कचेरीत पाठवीन. तिथूनही आलं तर स्वतः घेऊन जाईन."

हे मी बोललो याचं मलाच नवल वाटलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, तिकीट चिकटवलं, शिक्का जोरात मारला आणि पाकीट मनिलाच्या पोत्यात टाकलं.