माजलेला पावटा

सिद्धम्माच्या परड्यात त्या साली पावट्याचा वेल असा काही माजला होता, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. अन् दृष्ट लागून तरी काय होणार होतं, कपाळ! त्याला फूल म्हणून नव्हतं. मांडवभर तळहाताएवढी हिरवीगार पानं, मांडव पुरेना म्हणून जावेच्या भिंतीवर चढलेले शेंडे, पण अख्खा वेल पालथा घातला तरी एक कळी सापडत नव्हती. दिवाळी होऊन गेली, पहाटे थंडी वाजायला लागली, पावट्यानं फुलायचे दिवस आले, तरी हा आपला खाऊन-पिऊन सुस्त.

"फुल की रं मुडद्या," ती रोज सकाळी वेलाला म्हणायची. "किती पाणी ढोसशील?"

पाणी काय फुकटचं होतं? अक्कलकोट तालुक्यातल्या त्या गावाला मृगापासून उत्तरेपर्यंत पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि एकदा दाखवलं ते वाकडं करून. तूर फुलोऱ्याआधीच वाळली. हरभरा कुणी पेरलाच नाही. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आत पिवळी पडली. टँकर आठ दिवसांनी यायचा, आणि तो आला की चांगली शहाणीसुरती माणसंसुद्धा घागरीसाठी एकमेकांच्या सात पिढ्या काढायची. अशात सिद्धम्मा भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, स्वतःच्या आंघोळीतलं असं पाणी साठवून रोज एक बादली या वेलाला घालत होती. वर शेणखताच्या दोन पाट्या. तिचा नवरा चनबसप्पा म्हणायचा, मला वाढताना हिचा हात एवढा सैल कधी सुटला नाही.

तिला पावटा येळवसीला पाहिजे होता. मार्गशीर्षातली अवस म्हणजे येळवस. ती दीड महिन्यावर आली होती. त्या दिवशी सगळा गाव रानात जातो, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतो, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतो आणि मग पंगत बसते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत बरं का. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, जे जे रानात ओलं असेल ते सगळं पिठात शिजवून केलेलं घट्ट कालवण. यंदा रानात ओलं काहीच नव्हतं. सोलापूरच्या बाजारातून शेंगा आणता आल्या असत्या, पण विकतच्या शेंगांची येळवस? त्यापेक्षा माणसानं आई-बापसुद्धा विकत आणावेत!

आता खरं सांगायचं तर सिद्धम्माला भज्जीचंही एवढं पडलं नव्हतं. तिला पडलं होतं भिंतीपलीकडच्या बाळाबाईचं. येळवसीच्या आवतणाला नाही म्हणायचं नाही, ही त्या गावची रीत. वैऱ्यानं बोलावलं तरी जाऊन घासभर खाऊन यायचं. तेव्हा घरच्या पावट्याची भज्जी करायची आणि बाळाबाईला आवतण धाडायचं, एवढं तिनं आषाढात बी टोकतानाच मनाशी धरलं होतं. शेंगा नाहीत तर भज्जी नाही, आणि भज्जीच नाही तर कोणत्या तोंडानं बोलवायचं?

बाळाबाई तिची धाकटी जाऊ, दीर नंदीशची बायको. बावीस वर्षं दोघी एका चुलीवर राबल्या. एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढल्या, एकमेकींची बाळंतपणं केली, सासूच्या माघारी सासूची नक्कल करून पोट दुखेस्तोवर हसल्या. पुढं भावाभावांनी वाटण्या केल्या, परड्यात पुरुषभर उंच भिंत आली, तरी या दोघींचं बरं चाललं होतं. मग चार वर्षांपूर्वी बाळाबाईच्या सुकन्याचं लग्न निघालं. अक्षत द्यायला बायका वाजतगाजत दारोदार फिरल्या आणि सिद्धम्माच्या दारावरून सरळ पुढं गेल्या. बाळाबाईच्या मनात आलं, घरच्या माणसाला कसली अक्षत? सिद्धम्माच्या मनात आलं, वाटणी झाली तशी मी परकी झाले, आणि परक्याला मिळतं ते आवतणही मला नाही. लग्नादिवशी ती नवं इरकल नेसून उंबऱ्यात बसून राहिली, कुणीतरी बोलवायला येईल म्हणून. तिकडं मांडवात बाळाबाई माणसांच्या गर्दीत तिला हुडकत राहिली, अक्का का आली नाही म्हणून. तेवढ्यात मुहूर्त येऊन ठेपला.

दुसऱ्या दिवशी दोघींनी एकमेकींना जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. त्यातलं एकही वाक्य इथं सांगण्यासारखं नाही. भिंतीच्या तळाला एक मोरी ठेवलेली होती, बाळाबाईच्या न्हाणीचं पाणी तिच्यातून सिद्धम्माच्या परड्यात यायचं. सिद्धम्मानं त्याच तिडकीत मोरीत दगडमाती कोंबली. "तुझं सांडपाणीसुदिक नगं मला!" झालं. तेव्हापासून अबोला. सुंभ जळला, पण पीळ काही जाईना.

तसा राग पहिल्याच वर्षात विरला होता. राग असता तर बरं झालं असतं, निदान त्यानं माणसाला झोप लागते. आता नुसतं चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. एखादी गंमत घडली की सिद्धम्मा सवयीनं मान वळवायची आणि शेजारी कुणी नसायचं. नवरा होता की! पण नवऱ्याला सांगून कधी हसू येतं होय? बाळाबाईचा खोकला पलीकडून ऐकू आला तरी ही हातातलं काम टाकून भिंतीकडं बघत बसायची.

रान उजाड पडल्यामुळं चनबसप्पा त्या साली एकाच्या डाळिंबाच्या बागेत रोजानं जात होता. एका संध्याकाळी तो मांडवाखाली उभा राहिला, एक पान चुरगाळून बघितलं आणि म्हणाला, "माज आलाय ह्याला. पाणी तोड."

"वाळंल की वो!"

"कुटं वाळतंय? बागंत डाळिंबाला ताण देत्यात. महिनं-दोन महिनं पाणी बंद. मग झाडाला वाटतंय, आता आपलं काय खरं न्हाय, तवा कुटं ते फुलाला येतंय. सगळं बरं चाललं असल्यावर कोण कशाला फुलंल? पंधरा दिस थेंब घालू नगंस. फुलं धरली म्हंजे येळवसीपतोर शेंगा गावत्याल."

तिनं काळजावर दगड ठेवून पाणी तोडलं. तिसऱ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. चौथ्या दिवशी तिला वेलाकडं बघवेना. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर वेल पुन्हा ताठ! पानं अशी टवटवीत, की काही झालंच नाही. सिद्धम्मा तडक आत गेली.

"तुमी पाणी घातलंय त्याला."

चनबसप्पा चहा पीत होता. "मी? हितं मला प्यायला मिळंना."

"माझ्या गळ्याची आण घ्या."

त्यानं घेतली. वर म्हणाला, "तुझा गळा लई दणकट हाय, त्याला काय होत न्हाय."

मग ती परत परड्यात आली आणि बुंध्याशी बोटं खुपसून बघितली. माती ओली होती. पानांच्या गचपणातून हात घालून तिनं भिंतीचा तळ चाचपला. मोरीत दगड नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवरा बागेत गेल्यावर ती तांदळाचं सूप घेऊन मांडवाखाली बसली. उन्हं भिंतीवर आली तशी पलीकडं बादलीची कडी वाजली. पाणी मोरीतून हळूहळू आलं आणि बुंध्याशी येऊन मुरलं. त्याला शिकेकाईचा वास होता. अजून शिकेकाईच लावते, सिद्धम्माच्या मनात आलं. आणि मग आवाज आला, चार वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळून.

"पी बाई, पी. तुझी मालकीण लई कडक. एकदा का मनातनं उतरलं की पाणीच तोडतीया."

सिद्धम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडू येतंय की हसू, हे तिचं तिलाच कळेना.

कुणीही शहाणी बाई तिथल्या तिथं बोलली असती. पण एवढं शहाणपण असतं तर चार वर्षं कशाला गेली असती? तिला वाटलं, आपण बोललो आणि ती पुन्हा गप झाली तर? आता ऐकू येतंय तेही जायचं. म्हणून ती मुकाट बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. असे आठ दिवस. सुपातले तांदूळ तेच, निवडून निवडून गुळगुळीत झाले. पलीकडून बाळाबाई बादली ओतता ओतता वेलाला घरच्या बातम्या सांगायची. नंदीशचा गुडघा धरलाय. म्हैस आटली. सुकन्याला लेक झाली, मोबाईलवर फोटू धाडलाय, नाक थेट आमच्या अक्काचं. यावर सिद्धम्मानं आपल्या नाकाला हात लावून बघितला. कितव्या दिवशी बारसं, बाळंतिणीला दूध आहे का, सगळं ओठापर्यंत यायचं आणि तिथंच राहायचं. पलीकडं कळू नये म्हणून ती बांगड्या कोपराकडं सारून बसायची, खोकला आला तर पदरात दाबायची. बाळाबाई बादली घेऊन आत गेली की हिचा दिवस सुरू व्हायच्या आधीच संपायचा.

नवव्या दिवशी चनबसप्पानं पुन्हा वेल बघितला. "तू काय पाणी तोडलं न्हाईस. उद्यापास्नं तोडलंस तर कसंबसं गाठंल. न्हायतर येळवस इसर."

त्या दिवशी तिचं मन कशातच लागलं नाही. मोरीत दगड बसवणं सोपं होतं, पण तो दगड म्हणजे बाळाबाईच्या तोंडात मारल्यासारखं झालं असतं. एकदा मारून झालंच होतं. पाणी येऊ द्यावं तर शेंगा नाहीत, आवतण नाही, आणखी एक वर्ष भिंतीला कान लावून काढायचं. पाणी बंद करावं तर सकाळी ऐकायला येणारे चार शब्दही बंद. असं नाही आणि तसंही नाही. ती त्या वेलावरच चिडली आणि त्याचा एक शेंडा खुडून फेकला.

सकाळी कडी वाजली. मोरीतून पाणी आलं. सिद्धम्मा सूप बाजूला ठेवून उभी राहिली.

"बाळे," ती म्हणाली. पलीकडं बादली खळाळतच होती, म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "बाळे, पाणी नगं घालूस."

पलीकडं पाणी पडायचं थांबलं. मग अगदी बारीक आवाज आला. "बरं." बादली उचलल्याचा आवाज आला आणि पावलं आत जायला लागली.

"अगं ए मुलखाची येडे, थांब की!" सिद्धम्मा किंचाळली. "तसं न्हवं! माज आलाय त्याला! पाण्यानं फुलंना झालाय! फुलला तर शेंगा हुत्याल, शेंगा झाल्या तर भज्जी हुईल, अन् भज्जी झाली तर तुला येळवसीला बोलवायचं हाय मला! आषाढापास्नं त्याच्यापायी मरतीया मी, अन् तू हितं त्याला न्हाऊ घालतीस!"

एका दमात एवढं बोलून तिला धाप लागली. पावलं थांबली होती.

"भिंतीवरचं शेंडं सुकाय लागलं, मला वाटलं, तू त्याला सोडलंस," बाळाबाई म्हणाली. ती भिंतीजवळ आली होती, आवाज दगडांतून आल्यासारखा येत होता. "येल मेला असता तर तू परड्यात कशाला आली असतीस?"

"म्हंजे?"

"रोज सकाळी येऊन त्याला शिव्या घालतीस न्हवं. मी न्हाणीतल्या दगडावर बसून ऐकतीया, आषाढापास्नं. तेवढं ऐकायचं अन् मग चूल पेटवायची. तू आठ-नऊ दिस गप बसलीस, म्हणून मीच आपली बडबडत हुते. सुपाचा आवाज येत हुता की, अक्का. तू हाईस, एवढं कळत हुतं."

लपवलेला खोकला, कोपराकडं सारलेल्या बांगड्या, आणि पलीकडची सगळं जाणून बसलेली. किती वर्षं घालवली आपण, तिच्या मनात आलं, आणि ते मनात मावेना म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "चार वर्सं गं, बाळे. कुटनं आणायची आता ती?"

बाळाबाई रडत होती आणि रडताना तिचं नाक वाजायचं, ते वाजत होतं.

"मग करू का पाणी बंद?" शेवटी तिनं विचारलं.

"कर. येळवसीला शेंगा येत्याल."

"येत्याल तवा येत्याल. न्हाय आल्या तर ऱ्हावू देत." बाळाबाईनं नाक ओढलं. "येळवसीपतोर कोण थांबतंय? मला आजच बोलव की, अक्का."

सिद्धम्मा परड्यातून घरात आणि घरातून पुढच्या दाराकडं पळाली, सूप पायात येऊन तांदूळ सांडले तरी थांबली नाही. बाळाबाईच्या दारात जायचं म्हणून तिनं दाराची कडी एवढ्या घाईनं ओढली, की ती दोनदा हातातून निसटली.